चौदावं झाकण

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझा जेवणाचा डबा माझ्याआधी दस्तगीरमामांनी उघडला. मी हात धुऊन कँटीनच्या टेबलापाशी आले, तर पिवळं हेल्मेट घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक किरकोळ माणूस माझ्या डब्याची तिन्ही पुडं ओळीनं मांडून समोर बसला होता. खात काही नव्हता. पंचनामा करायला आल्यासारखा नुसता बघत होता.

"शेवग्याची भाजी हाय, चपात्या हायत, आन् ह्यात काय न्हाय," तिसऱ्या पुडाकडं बोट दाखवून तो म्हणाला. "रिकामं हाय तर झाकलं कशाला?"

"अहो, हा माझा डबा आहे," मी म्हटलं.

"बंद हुता म्हणून उघडला. उघड्या डब्याला मी हात लावत न्हाय."

शेजारच्या बाकावर क्रेनवाला म्हाळू कोकरे जेवत होता. तोंडातला घास न थांबवता तो म्हणाला, "गप जेवा मॅडम. हितं समद्यांचं डबं उघडून झाल्यात. तुमचाच राहिला हुता."

हे दस्तगीर मुलाणी. राहायला पिंपळीला, कामाला आमच्या कारखान्याच्या भंगार यार्डात. आमच्याकडं नुसतं 'कारखाना' म्हटलं की लोक साखरेचाच समजतात, त्यामुळं प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागायचं की बाबा, आमचा पोलादाचा. बारामतीहून इंदापूरकडं जाताना उजव्या हाताला उंच पत्र्याची शेड दिसते, ती आमची. ऊस लागत नाही आम्हाला, भंगार लागतं. मोडकी ट्रॉली, गंजलेले पाइप, जळालेले मोटारपंप, साखर कारखान्यातले झिजलेले रोलर, लग्नात आलेली आणि दहा वर्षांत कुजलेली कपाटं, सगळं ट्रकनं यार्डात येतं. तिथून एका खोलीएवढ्या बकेटमध्ये भरलं जातं. क्रेन ती बकेट उचलून भट्टीवर नेते, भट्टीचं छप्पर बाजूला सरकतं, बकेटचं बूड उघडतं आणि सगळं एकदम आत कोसळतं. मग छप्पर बंद होतं, वरून ग्राफाइटचे तीन जाडजूड खांब खाली उतरतात आणि त्यांच्यातून वीज भंगारात उडी मारते. त्या वेळचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी लॅबच्या दाराला धरून उभी राहिले होते. तासाभरात कपाट आणि ट्रॉली यांतला फरक मिटलेला असतो.

माझं काम त्याच्या पुढचं. भट्टीवरची माणसं लांब दांड्याच्या पळीनं थोडं पोलाद काढायचे, त्याची वडी पाडून लॅबमध्ये धाडायचे. मी ती पाण्यात बुडवून गार करायची, घासायची, यंत्रात ठेवून त्यात काय किती आहे ते सांगायचं. तांबं जास्त निघालं की मी यार्डात फोन करायचे, कारण कार्बन भट्टीत जाळता येतो पण तांबं एकदा आत गेलं की बाहेर निघत नाही.

"मामा, कुणाची तरी मोटार तांब्याच्या वायंडिंगसकट गेली."

"व्हय, दिसली मला," मामा म्हणायचे. "पर ती जाताना हसत हुती, म्हणून म्हटलं जाऊ द्या."

तांब्याबद्दल ते अशी थट्टा करायचे. झाकणाबद्दल कधीच नाही.

भंगारात बंद वस्तू येणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. गॅसचा सिलिंडर, मोटरसायकलचा शॉकअब, तोंड चेपलेला पाइप, झाकण गंजून बसलेला डबा. आत हवा असते, कधी पावसाचं पाणी साचलेलं असतं. ते वितळलेल्या पोलादात पडलं की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती बाहेर यायला वाट शोधते. वाट म्हणजे भट्टीचं दार, आणि दारासमोर माणसं उभी असतात. म्हणून यार्डात पारखी असतो. प्रत्येक बंद वस्तू त्यानं फोडायची, कापायची किंवा बाजूला काढायची.

मामांची रीत याहून एक पाऊल पुढची होती. यार्डाच्या भिंतीवर त्यांनी या खांबापासून त्या खांबापर्यंत एक तार बांधली होती. ट्रकमधून झाकणाच्या जेवढ्या वस्तू उतरतील तेवढा आकडा ते खडूनं भिंतीवर लिहायचे. एकेक वस्तू उघडली की तिचं झाकण तारेवर अडकवायचे. बकेट भट्टीकडं निघायच्या आधी तारेवरच्या प्रत्येक झाकणाला बोट लावून मोजायचे. भिंतीवरचा आकडा आणि तारेवरची झाकणं जमली तरच म्हाळूला अंगठा दाखवायचे. मग झाकणं पुढच्या बकेटमध्ये जायची. कंपनीच्या कुठल्याही कागदावर ही रीत नव्हती.

"जमलं न्हाय तर बकेट हलत न्हाय," एवढाच त्यांचा कायदा होता.

हे व्रत यार्डाच्या कुंपणापाशी थांबलं असतं तर माणूस साधा म्हणून निघून गेला असता. पण मामांना जगातली कुठलीच बंद वस्तू सहन व्हायची नाही. माझ्या लॅबमध्ये आले की गप्पा मारता मारता टेबलाचे खण उघडायचे, आत बघायचे आणि पुन्हा लावायचे. आमच्या वॉचमनची पत्र्याची पेटी त्यांनी इतक्या वेळा उघडली होती की त्यानं शेवटी कंटाळून कुलूपच विकलं.

म्हाळूच्या थोरल्या पोराचं लग्न इंदापूरला एका कार्यालयात होतं. आम्ही सगळे गेलो होतो. जेवणं झाली, आणि मामा जागेवर नाहीत. शोधलं तर आहेराच्या टेबलामागं खुर्ची टाकून बसलेले. चकचकीत कागदातले खोके एकेक करून हलक्या हातानं उघडायचे, आत बघायचे, चिकटपट्टी पुन्हा जागच्या जागी बसवायचे. टेबलावर अकरा कुकर होते. अकराही कुकरांची झाकणं त्यांनी फिरवून सैल केली होती.

"मामा, चला ना, लोक बघतायत," मी म्हटलं.

"थांब जरा." त्यांनी सगळ्यात मोठा खोका पुढं ओढला. त्यावर नवऱ्या मुलाच्या चुलतचुलत्याचं नाव होतं. गावात वजनदार माणूस, सकाळपासून फेटा बांधून व्यासपीठावरच बसलेला. खोका उघडला तर आत घड्या घातलेली वर्तमानपत्रं आणि मधोमध एक वीट.

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. खोका नीट बंद केला, पट्टी लावली, उठले, व्यासपीठावर गेले आणि त्या पाहुण्यांशेजारी जाऊन बसले. मी मागोमाग होतेच.

"तात्या, आहेर लई मोठा केलात," मामा म्हणाले.

"पोरासाठी करायचं न्हाय तर कुणासाठी?" तात्या म्हणाले.

"खरंय. पर एकटी हाय बिचारी. घर बांधायला आणखी लागतील."

तात्यांचा फेटा आहे तिथंच राहिला, चेहरा मात्र उतरला. दुसऱ्या दिवशी म्हाळूच्या घरी एक नवीन मिक्सर पोचला. म्हाळूला त्यामागची गोष्ट आजही ठाऊक नाही, आणि हे वाचून कळली तर मिक्सर परत करू नये एवढीच माझी विनंती.

मामांच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत वण होता. तो कशाचा हे जो विचारेल त्याला ते नवी गोष्ट सांगायचे. मला सांगितलं, सासूनं तवा फेकून मारला. म्हाळूला सांगितलं, ईदची बिर्याणी सांडली. एका इंजिनिअरला तर लहानपणी बिबट्या चाटून गेला म्हणून सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं ते वहीत लिहून घेतलं.

मग भागवत साहेब आले. नवे प्लँट हेड. शिस्तीचे, झटपट चालणारे, घड्याळाकडं बघत बोलणारे. एका पाळीत भट्टीतून किती वेळा पोलाद निघतं याच्यावर त्यांची नजर होती, आणि यार्डातला एक म्हातारा प्रत्येक बकेटमागं भिंतीवरची झाकणं मोजत बसतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात खुपलं. जाब विचारायला ते स्वतः यार्डात आले. हातात नंबरचं कुलूप असलेली काळी ब्रीफकेस होती. यार्डाच्या पिवळ्या रेषेपाशी मामा आडवे झाले.

"साहेब, बंद वस्तू रेषेच्या आत चालत न्हाय."

"मी प्लँट हेड आहे."

"तुमी उघडं हाय. बॅग बंद हाय."

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. साहेबांनी रागाच्या भरात नंबर फिरवला आणि बॅग उघडून मामांपुढं धरली. आत दोन फायली होत्या, एक कंगवा होता, आणि केस काळे करायच्या पावडरीची पाच पाकिटं होती. मामांनी गंभीरपणे पाकीट उचललं, हातानं चाचपलं आणि परत ठेवलं.

"ह्याला काय हरकत न्हाय. जाऊ द्या आत," ते म्हाळूला म्हणाले.

कुणीही हसलं नाही. ते न हसणं साहेबांना जास्त झोंबलं असणार. दुसऱ्याच दिवशी मामांना लेखी पत्र मिळालं, की झाकणं मोजण्यापायी भट्टी थांबल्याचं पुन्हा आढळल्यास यार्डातून काढण्यात येईल. मामांना निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. ते पत्र त्यांनी तारेवर अडकवलं, झाकणांच्या शेजारी.

आता माझा भाग येतो. तो सांगायला मला आवडत नाही, पण तो गाळला तर मामा कळणार नाहीत.

तो शुक्रवार होता. सकाळी एका ट्रकमधून जुने लोखंडी दुधाचे कॅन आले, कुठल्यातरी बंद पडलेल्या डेअरीचे. मामांनी मोजले, भिंतीवर खडूनं 'चौदा' लिहिलं, आणि निम्मे उघडून झाल्यावर जुम्म्याच्या नमाजाला पिंपळीला गेले. ते दर शुक्रवारी एक ते अडीच जायचे. माझ्या लॅबमधली वड्या गार करायची बादली त्याच सकाळी बुडातून गळायला लागली होती. नवीन मागवायची तर तीन सह्या आणि आठवडा. मी यार्डात डोकावले, कुणी नव्हतं, आणि भिंतीशी कॅन रांगेत उभे होते. एक उचलला. आत काहीतरी डुचमळत होतं. लॅबच्या मागं नेऊन हातोडीनं झाकण उडवलं, तर आत अर्धा कॅन घाण वासाचं पाणी. ते ओतून दिलं, कॅन घासला आणि कामाला लावला. झाकण जड होतं, टेबलावर ठेवून त्यात पेन आणि घासलेल्या वड्या ठेवल्या. मला माझी हुशारी फार आवडली. यार्डातली काडीही कुणी हलवली तर ती चोरी, आणि चोरीला नोकरीवरून काढणं हा नियम आहे, हे मला ठाऊक होतं. मी अजून कायम व्हायची होते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला यार्डाकडून आरडाओरडा ऐकू आला. मामांनी परत येऊन राहिलेले कॅन उघडले होते, मधे आणखी दोन ट्रक आले होते, बकेट भरली होती. कॅनवाली बकेट भट्टीकडं न्यायला म्हाळूला साहेबांच्या माणसानं मामांना न विचारता सांगितलं. मामांनी तारेवर बोट फिरवलं. तेरा. पुन्हा फिरवलं. तेरा. तोवर बकेट भट्टीच्या वर पोचली होती, छप्पर सरकलेलं होतं, खाली भट्टीत अर्धं पोलाद वितळलेलं. हा साठीला आलेला माणूस जिन्यावरून धावत गेला आणि भट्टीच्या कंट्रोल रूमच्या काचेसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

बकेट थांबली. परत आणून यार्डात रिकामी केली. पाऊण तास दहा माणसं लोखंड उपसत होती आणि भट्टी गार होत होती. तेरा कॅन निघाले, तेराही उघडे. चौदावा नव्हताच.

"मोजायला चुकलात," भागवत साहेब म्हणाले.

"मोजायला मी चुकत न्हाय, साहेब."

"मग कॅन कुठाय?"

मामांनी पुन्हा तारेवर बोट फिरवलं. मी तिथंच उभी होते, गर्दीच्या मागं, दहा पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी वळून लॅबमध्ये निघून गेले. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरीही बोलले नाही.

शनिवारी मामांना यार्डातून काढून बागेत लावलं. म्हाळूनं तारेखाली उभं राहून साहेबांच्या नावानं शिव्या दिल्या. यार्डातल्या पोरांनी मामांना 'चौदा' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या जागी जो आला तो मान वर न करता बकेटी पाठवायला लागला. साहेब खूश होते.

सोमवारी मामा झारी घेऊन माझ्या खिडकीतल्या मनीप्लँटला पाणी घालायला आले. बोलता बोलता टेबलाचा खण उघडला, बघितला, लावला. मग त्यांची नजर झाकणावर गेली. त्यांनी त्यातली पेनं बाजूला काढली, झाकण उचललं, उलटं केलं, वास घेतला. माझे हात यंत्रावरच राहिले.

"झ्याक झाकण हाय. कुठनं आणलं?"

"बाजारातून," मी म्हटलं.

"इंदापूरच्या?"

"हो."

"तितं चांगली मिळत्यात," मामा म्हणाले. झाकण होतं तसं ठेवलं, पेनं परत घातली आणि झारी घेऊन निघून गेले.

त्यांना कळलं की नाही याचा विचार करत मी रात्रभर जागी राहिले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले तर झाकणात एक जास्वंदीचं फूल होतं. बुधवारी शेवंती. गुरुवारी गुलाब, देठ नीट कापलेला. मामा स्वतः यायचे, पाणी घालायचे, हवापाण्याच्या गोष्टी करायचे आणि जायचे. फुलाबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी मला चारचौघांत चोर म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं ते फूल बघून रोज वाटायचं.

त्याच गुरुवारी दुपारी भट्टीत दणका झाला. मोठा नव्हता. कुठलातरी बंद पाइप आत गेला असावा. दारातून पोलादाचे शिंतोडे उडाले आणि समोरच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले. एक मिनिटापूर्वी तिथं पळी घेऊन माणूस उभा होता, तो वडी द्यायला माझ्याकडं आला होता. वडी माझ्या हातात होती, आणि तो माणूस दारात मागं वळून भिंतीकडं बघत होता.

मी ती वडी चौदाव्या कॅनमध्ये टाकली आणि थेट बागेत गेले. मामा गुलाबाच्या वाफ्यात उकिडवे बसले होते.

"मामा, कॅन मी नेला."

"ठाव हाय."

"सोमवारपासून?"

"सोमवारपासनं. इंदापूरच्या बाजारात डेअरीच्या नंबराचं झाकण कोण इकतंय?" ते माती चाळत राहिले. "पाणी हुतं का आत?"

"अर्धा कॅन."

मामा थांबले. मग हसायलाच लागले. "म्हंजी तू नेला न्हसता तर मी नमाजावरनं यायच्या आत कुणी तरी त्यो तसाच बकेटमधी टाकला असता. तुला चोर म्हणावं का भट्टी वाचवणारी म्हणावं, ह्येचा आता इचार करावा लागंल मला."

मला हसता येईना. मी साहेबांकडं चालले आहे म्हटल्यावर त्यांनी मला हातानंच खाली बसवलं.

"ऐक. माझं वरीस राहिलंय. तुझी तीस वर्सं राह्यल्यात. हितं गुलाबाला झाकण बी नसतंय, मला काय तरास न्हाय. तू गप ऱ्हा."

"आणि यार्ड?"

मामांनी हातातली माती खाली टाकली. डाव्या हाताची बाही वर केली आणि वणावर अंगठा फिरवला.

"ह्यो सासूचा तवा न्हवं," ते म्हणाले. "पयल्या नोकरीत मी बी पारखीच हुतो. एक डबा हुता, एवढासा. हलवला, वाजला न्हाय, म्हटलं रिकामा असंल. उघडला न्हाय. दारात माझा दोस्त उभा हुता. मी त्येला वढायला गेलो म्हणून हात भाजला. त्यो गेला. रिकामा असंल, आसं म्हटलं मी, पोरी. बघितलं न्हाय."

एवढंच. मग बाही खाली ओढली. मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'पोरी' ऐकलं होतं.

मी लॅबमध्ये गेले, कॅनमधलं पाणी ओतलं, कॅन कमरेवर घेतला, झाकण हातात घेतलं आणि ऑफिसच्या गालिच्यावरून थेंब सांडत साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. साहेब फोनवर होते. मी कॅन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"चौदावा."

सगळं सांगितलं. पाणी होतं तेही सांगितलं. साहेबांनी फोन ठेवला आणि कॅनमध्ये वाकून बराच वेळ बघितलं. आत काही नव्हतं, तरी बघत होते. दुपारच्या दणक्याचे ठिपके त्यांनीही पाहिले होते.

"नियम माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

तेवढ्यात दार न वाजवता मामा आत आले. हातात झारी होती. साहेबांच्या केबिनमध्ये एकही कुंडी नव्हती.

"साहेब, पोरीला काढू नका. शिक्षा द्या. मी सांगतो ती द्या."

"तुम्ही मला शिक्षा सांगणार?"

"दर शुक्रवारी मी नमाजाला जातो तवा यार्ड उघडं पडतंय. त्या टायमाला ह्या बाईनं तारेखाली उभं ऱ्हायचं. डबं उघडायचं, झाकणं टांगायची, मोजायची. जेवायची सुट्टी गेली तिची. कायमची." ते थांबले आणि साहेबांच्या टेबलाखालच्या ब्रीफकेसकडं बघून म्हणाले, "आन् बाकी कुणाच्या डब्यात काय निघतं ते आमी भाईर सांगत न्हाय."

साहेबांच्या कानशिलाशी लाली चढली. मग, मला अजून खरं वाटत नाही, ते हसले. मामा सोमवारी यार्डात परत गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून झाकण मागून घेतलं आणि तारेवर अडकवलं. ते तिथून भट्टीत कधी गेलं नाही, आणि मोजताना आम्ही ते कधी धरलं नाही.

माझी शिक्षा मात्र खरीखुरी होती. उन्हाळ्यात यार्डातलं लोखंड तापून हातमोज्यातून चटके द्यायचं, आणि गंजलेलं झाकण उघडताना माझ्या तोंडून निघालेले शब्द ऐकून म्हाळूनं एकदा क्रेनमधून खाली वाकून नमस्कार केला. अडीच वाजता मामा यायचे, डोक्याला टोपी तशीच. मी आकडा सांगायचे. ते "बरं" म्हणायचे आणि तरीही प्रत्येक झाकणाला बोट लावून पुन्हा मोजायचे. वर्षभर, एकही शुक्रवार न चुकता. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. शेवटी शेवटी मला त्याचं वाईटच वाटायला लागलं, कारण मी एकदाही चुकले नव्हते आणि त्यांचा विश्वास काही बसत नव्हता.

मामांचा शेवटचा दिवस शुक्रवारच आला. सकाळी हार झाले, साहेबांनी भाषण केलं, भेट म्हणून चकचकीत कागदातला खोका दिला. मामांनी तो व्यासपीठावरच उघडला. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यांनी घड्याळाचं मागचं झाकणही उघडून बघितलं.

दुपारी ते नमाजाहून आले तेव्हा मी तारेखाली होते. खांद्याला पिशवी, हातात त्यांचा जेवणाचा डबा.

"किती?"

"एकवीस."

ते तारेजवळ गेले, पाठमोरे थोडा वेळ उभे राहिले. बोट उचललं नाही. मोजलंच नाही.

"बरं," ते म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेटकडं चालू लागले.

मला एकदम भरून आलं. वर्षभरानं का होईना, माणसानं विश्वास ठेवला. म्हाळू वरून बघत होता. त्याला अंगठा दाखवायला मी हात उचलला, आणि का कोण जाणे, तो अर्ध्यावर थांबवला. वळले. पहिल्या झाकणाला बोट लावलं.

बावीस.

पुन्हा मोजलं. बावीस. भिंतीवर खडूनं एकवीस. मी दोन्ही हात पसरून म्हाळूला थांबवलं, बकेट हवेत थांबली, आणि मी एकेक झाकण धरून बघत तारेच्या टोकापर्यंत गेले. सगळ्यात शेवटी, चौदाव्याच्या मागं दडवलेलं, एक छोटं, स्टीलचं, स्वच्छ घासलेलं झाकण होतं. आतल्या बाजूला तेलाचा डाग. जेवणाच्या डब्याचं.

मी गेटकडं बघितलं. मामा बाहेर गेलेच नव्हते. रस्त्याच्या कडेला, उघडा डबा हातात धरून, थांबलेल्या बकेटकडं मान वर करून बघत उभे होते. माझ्याकडं बघितलं, एक अंगठा वर केला, आणि पिंपळीच्या रस्त्याला लागले.